भरपाई: दान नव्हे, देणे

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रोलरात एखाद्या मजुराचा अंगठा सापडतो, दवाखान्यात यथावकाश जखमही भरते, आणि मग घरात गोष्ट निघते ती भरपाईची. पण सज्जनहो, गेलेला अवयव जर परत येत नाही, तर या भरपाईने भरून निघते तरी काय?

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता 30 टक्के आणि तर्जनी गेली तर 14 टक्के घटली, असे माप घालून दिले. महिना 15,000 रुपये वेतन धरले, तर त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. तीस वर्षांच्या कामगारासाठी या रकमेला वयानुसार ठरलेल्या 207.98 या गुणकाने गुणायचे आणि त्याचे 30 टक्के घ्यायचे, की 5,61,546 रुपये होतात. ही अंगठ्याची किंमत नव्हे. त्या अंगठ्याच्या बळावर पुढे मिळाली असती त्या भाकरीचा हा हिशेब आहे, म्हणून भरपाई शरीराची नसते, उपजीविकेची असते.

आणि उपजीविका प्रत्येकाची निराळी. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या एका सुताराची हानी सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली पूर्ण शंभर टक्के मानली, कारण एका हाताने सुतारकी होत नाही. भरपाईचे देणे अपघाताच्या दिवशीच लागू होते, हेही त्याच निकालाने सांगितले. मालकाची चूक सिद्ध करण्याचीही अट नाही. याचा अर्थ असा की भरपाई ही कृपा नव्हे, दानही नव्हे; ज्याच्या श्रमावर कारखाना चालला, त्याचे ते ऋण आहे.

ऋण फेडताना तडजोड होऊ शकते, पण तिची नोंद भरपाई ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी असेल किंवा दबावाने सही घेतली असेल, तर ते नोंद नाकारू शकतात. गरजेने वाकलेल्या माणसाची संमती ही खरी संमती नसते, हे कायद्याने ओळखले आहे.

1937 साली याच वर्ध्यात गांधीजींनी हाताच्या कामाला शिक्षणाचा पाया मानले. श्रमाला आपण पूजा म्हणतो. मग त्या पूजेत ज्याचा हात गेला, त्याला भरपाईसाठी हात पसरावा लागू नये. त्याने कोऱ्या कागदावर अंगठा उठवण्याआधी त्याच्यासोबत त्या अधिकाऱ्यांपर्यंत जाणे, हाही आपल्या श्रद्धेचाच आचार आहे.