तासाचा भाव

हिवाळ्यात ख्राइस्टचर्चला दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे नऊ झालेले असतात. रविवारी आईला फोन करायची माझी वेळ ती, आणि भांड्याच्या मावशींची यायची वेळही तीच. त्यामुळे आमच्या गप्पांना मागून नळाची आणि पातेल्यांची साथ असते. २०२५ च्या जुलैतली गोष्ट. आईनं विचारलं, "तिकडे कामाला बाई मिळते का रे? घेते किती?" मी म्हटलं, "कायद्यानं निदान साडेतेवीस डॉलर. तासाला." "म्हणजे आपले?" "बाराशेच्या आसपास." नळ बंद झाला. मावशी पदराला हात पुसत फोनसमोर आल्या. "तासाला बाराशे?" त्यांनी खात्री करून घेतली आणि लगेच विचारलं, "मग तिथं भाजी केवढ्याला, दादा?"

दोन देशांतल्या पगारांची तुलना करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. आमच्यासारख्या शिकलेल्यांना तो सुचायला वेळ लागतो. इथे नवा आलेला प्रत्येक जण वर्षभर गुणाकार करत जगतो. कोथिंबिरीची जुडी हातात घेतो, मनात पन्नासनं गुणतो आणि परत ठेवतो. पगाराची चिठ्ठी आली की तोच गुणाकार गोड लागतो. हळूहळू दोन्ही गुणाकार सुटतात, पण गावाकडच्या माणसांचे सुटत नाहीत.

मावशींना मी हिशेब सांगितला. किमान वेतनावर आठवड्याला चाळीस तास काम केलं तर ९४० डॉलर होतात. टॅक्स आणि अपघात विम्याची वर्गणी कापून हातात साधारण ७८० येतात. तीन बेडरूमचं घर भाड्यानं घ्यायचं तर आठवड्याला साडेपाचशे-सहाशे जातात, म्हणून एकटा माणूस घर घेत नाही, खोली घेतो. भाजीवरसुद्धा पंधरा टक्के जीएसटी आहे. मावशी म्हणाल्या, "म्हणजे तिथंबी भागवाभागवीच."

जागतिक बँकेचे तज्ज्ञ हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. देशोदेशीच्या बाजारातल्या किमती गोळा करून ते चलनाची खरी खरेदीशक्ती काढतात. बँकेत एका न्यूझीलंड डॉलरचे पन्नासेक रुपये मिळतात, पण इथे एका डॉलरला जेवढं येतं तेवढं भारतात सुमारे चौदा-पंधरा रुपयांतच येतं. या मापानं साडेतेवीस डॉलरचे बाराशे नव्हे, साडेतीनशेच्या आतबाहेर रुपये होतात. आमच्या घरी भांडी आणि केर-फरशीचा रोजचा एक तास धरला, तर महिन्याच्या २४०० रुपयांत मावशींचा तास ऐंशी रुपयांना पडतो. बँकेच्या दरानं पंधरापट दिसणारं अंतर बाजाराच्या दरानं चौपटीवर आलं.

बहुतेक गप्पा इथे संपतात. पगार कमी, पण आपल्याकडे स्वस्ताईही आहे, झाली फिट्टंफाट. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. पण ही स्वस्ताई नेमकी कशात आहे ते एकदा यादी करून पाहावं. मोबाइल पुण्यात स्वस्त नाही. लॅपटॉप नाही. पेट्रोलमध्ये फरक आहे, पण तिप्पट-चौपट नाही. स्वस्त काय आहे? केस कापणं, इस्त्री, पँट आखूड करून घेणं, रिक्षा, ड्रायव्हर, पोळ्यावाल्या बाई, सोसायटीचा वॉचमन. जिथे वस्तू जहाजातून येते तिथे भाव जगाचा. जिथे माणसाचा वेळ लागतो तिथे भाव आपला. चौदा आणि पन्नास यांच्यातल्या फरकाचा मोठा भाग म्हणजे माणसांचा हा वेळ. 'आपल्याकडे स्वस्त आहे' आणि 'आपल्याकडे मजुरी कमी आहे' ही एकच गोष्ट आहे. आपण ती दोन वाक्यांत सांगतो आणि एका वाक्यानं दुसऱ्याचं समाधान करतो. शिवाय ही स्वस्ताई मावशींच्या वाट्याला फारशी येत नाही. गॅस, औषधं, मुलाच्या क्लासची फी त्या सगळ्यांच्याच भावानं भरतात. स्वस्त असतो तो त्यांचा स्वतःचा तास.

म्हणून रुपये-डॉलर बाजूला ठेवून मी दुसरं माप वापरतो: एकाच देशात तळच्या माणसाचा तास आणि मधल्या माणसाचा तास यांत किती अंतर आहे? न्यूझीलंडमध्ये जून २०२४ ला तासाच्या कमाईचा मध्य ३३.५६ डॉलर होता, म्हणजे निम्म्या नोकरदारांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. त्या वेळचं किमान वेतन २३.१५ होतं. तळ मध्याच्या एकोणसत्तर टक्क्यांवर. सरासरी याहून बरीच वर जाते, कारण थोड्या लोकांचे मोठे पगार तिला ओढतात. म्हणून सरासरीपेक्षा मध्य प्रामाणिक. आम्हा स्थलांतरितांना हा मध्य बारावीच्या कटऑफसारखा तोंडपाठ असतो. २०२३ च्या नियमांत त्याच्या दीडपट पगाराला तीन गुण, दुपटीला चार, तिपटीला सहा, आणि कायम राहण्याचा परवाना त्या गुणांवर.

भारतात केंद्र सरकारनं सांगितलेली मजुरीची तळरेषा २०१९ पासून दिवसाला १७८ रुपये आहे. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये. सरकारच्याच २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत नियमित पगारदाराची सरासरी कमाई महिन्याला सुमारे एकवीस हजार, म्हणजे कामाच्या दिवसाला आठशे. १७८ हा त्याचा पाव हिस्साही नाही.

आकडे माझ्याच घरात आणून पाहतो. पुण्यात मला महिना एक लाख दहा हजार मिळायचे, तास सहाशेच्या पुढे. माझ्या एका तासात मावशींचे साडेसात तास येत. इथे मला तासाला बावन्न डॉलर मिळतात. त्यात किमान वेतनाचे जेमतेम सव्वादोन तास बसतात. साफसफाईची एजन्सी स्वतःचा खर्च धरून पंचेचाळीस-पन्नास लावते. टॅक्स कापून माझ्या हातात येतं त्यात तिचा एक तासही पुरता बसत नाही. म्हणून भांडी मी घासतो. पुण्यात मी सुखवस्तू होतो, त्यात माझ्या पगाराचा वाटा होताच. पण मावशींच्या पगाराचा वाटा त्याहून मोठा होता, हे मला सिंकसमोर उभं राहून कळलं.

हे अंतर इथे आपोआप कमी झालेलं नाही. पोर्ट हिल्सच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की लिटल्टन बंदर लागतं. विल्यम पेंबर रीव्हज तिथे १८५७ मध्ये जन्मला, 'लिटल्टन टाइम्स'चा संपादक झाला, ख्राइस्टचर्चमधून निवडून गेला आणि मजूरमंत्री म्हणून त्यानं १८९४ चा लवादाचा कायदा आणला. किमान मजुरी ठरवण्याचा अधिकार देणारा देशव्यापी कायदा जगात पहिल्यांदा झाला तो हा. सर्व प्रौढ कामगारांसाठी एक किमान दर यायला १९४५ उजाडलं, आणि तेव्हाही बाईचा दर पुरुषापेक्षा कमी होता. याच ख्राइस्टचर्चच्या केट शेपर्डनं बायकांना १८९३ मध्ये मत मिळवून दिलं. समान वेतनाचा कायदा झाला १९७२ मध्ये.

आपण या विचारात मागे होतो असंही नाही. रीव्हजच्या कायद्याच्या चार वर्षं आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये मजूरमंत्री असलेल्या डॉ. आंबेडकरांनी मांडलं, कायदा १९४८ मध्ये झाला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं तर किमान वेतनाचं मोजमापच लिहून दिलं: माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, सरपण. कागदावर आपला विचार इथल्यापेक्षा भरदार आहे.

फरक आहे तो कागद वाचता येण्यात. महाराष्ट्रातला दर उद्योगाप्रमाणे वेगळा, परिमंडळाप्रमाणे वेगळा, कुशल-अर्धकुशल-अकुशल वेगळा, वर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. आपला दर किती, हे कामगाराला दुसऱ्याला विचारावं लागतं. इथे दर एक एप्रिलला एक आकडा बदलतो. तो बातम्यांत येतो, सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करणाऱ्या पोरालाही पाठ असतो. सगळ्यांना माहीत असलेला भाव मारणं अवघड जातं. आजारपणाच्या दहा पगारी रजांचंही तसंच. पुण्यात त्याला आपण 'खाडा' म्हणतो आणि कॅलेंडरवर खूण करतो.

अवघड जातं, अशक्य नाही. आपल्याच माणसाच्या दुकानात कामाला असलेल्या एका विद्यार्थ्याची चिठ्ठी मी पाहिली आहे. कागदावर वीस तास, प्रत्यक्षात पस्तीस, आणि परवान्याच्या भीतीनं तोंड बंद. आकडा त्यालाही पाठ होता. आणि कायद्यानं नेमून दिलेला तळ पुरतो असंही इथे कोणी म्हणत नाही. बऱ्यापैकी जगायला तासाला निदान २८.९५ डॉलर हवेत, असा स्वयंसेवी चळवळीचा सप्टेंबर २०२५ पासूनचा हिशेब आहे. इथली तरुण पोरं ऑस्ट्रेलियाच्या किमान वेतनाकडे, २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलरकडे, पाहून तोच गुणाकार करतात, जो पुण्यातला माझा भाचा माझ्याकडे पाहून करतो.

त्या रविवारी फोन ठेवण्याआधी मी आईला म्हटलं, "मावशींचे पैसे वाढव. दुप्पट कर, फरक मी पाठवतो." आई आवाज खाली आणून म्हणाली, "अरे, पैशाचा प्रश्न नाही. सोसायटीत रेट फुटेल. सगळ्या बायका मागतील, आणि लोक मला नावं ठेवतील." मला एकदम उलगडलं की पुण्यातही किमान वेतन आहे, ते काटेकोर पाळलंही जातं, फक्त ते कमाल वेतन आहे, आणि ते ठरवायला लवाद लागत नाही, जिना पुरतो.

दिवाळीनंतर आईनं कौतुकानं सांगितलं, "वाढवले हो मावशींचे. तीनशे. कुणाला बोलू नका म्हटलंय त्यांना." मला बरं वाटलं. मग सुटली असं समजत होतो ती जुनी सवय उफाळून आली आणि मी भागाकार केला. महिन्याला तीनशे रुपये. इथल्या किमान वेतनाची पंधरा मिनिटं.