जिच्याकडून शिकलो, तिला गुरू म्हणावे की नाही?



ज्याच्याकडून आपण शिकलो त्याला गुरू म्हणणे हे केवळ सौजन्य आहे, की कर्तव्य? आणि शिकविणारी स्त्री असल्यास ते कर्तव्य कमी होते काय? उत्तर शोधण्यापूर्वी मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे.

सेमिनरीतून नुकताच बाहेर पडून मी एका खेड्यातील मंडळीत आलो होतो. हरवलेल्या नाण्याच्या दाखल्यावर उपदेश तयार करीत असता तेथील वृद्ध बायबलबाई मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, मेंढरू रानात हरवले, पण नाणे घरातच हरवले. देवळात रोज येणारा माणूसही हरवलेला असू शकतो." रविवारी मी तेच सांगितले. मंडळीने माझी वाहवा केली. बाई मागे सतरंजीवर बसल्या होत्या. मी त्यांचे नाव घेतले नाही. दुसऱ्याच्या शेतातील कणीस तोडणे ही चोरी, असे आपण मुलांस शिकवितो. मग दुसऱ्याच्या ज्ञानाचे पीक आपल्या खळ्यात आणणे ह्यास काय म्हणावे?

कोणी म्हणतील, "पौलाने स्त्रियांस शिकविण्याची मनाई केली आहे." तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ते वचन आम्ही टाळीत नाही. परंतु त्याच तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या ठायी होता, असे पौलच लिहितो. शास्त्रात प्रवीण अशा अपुल्लोसाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस पौल रोमकरांस करतो. तो नावे घेतो. आम्ही मात्र ती गाळतो.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई संस्कृताच्या पंडिता होत्या. पवित्र शास्त्र साध्या मराठीत यावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. केडगावच्या मुक्तिसदनात स्त्रियांनीच खिळे जुळविले व छापखाना चालविला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यापूर्वी थोडेच दिवस भाषांतराचे काम पुरे झाले होते, आणि १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले. हे ईश्वरविज्ञानातील नेतृत्व नव्हे, तर दुसरे काय?

वरदान देव देतो. मान्यता मंडळी देते. मान्यता रोखून धरल्याने वरदान नाहीसे होत नाही, मात्र मंडळी असत्याची भागीदार होते. २०१३ साली चर्च ऑफ साऊथ इंडियामध्ये ई. पुष्पललिता ह्या नंद्यालच्या बिशप झाल्या. परंतु दूरच्या बिशपबाईंचा गौरव करून गावातल्या शिक्षिकेला सतरंजीच्या टोकाशी बसविणे, हा न्याय नव्हे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, जिच्याकडून शिकलात तिचे नाव मंडळीसमोर घ्या. शिक्षणवर्गात तिला शिकविण्यास उभे करा. सेमिनरीसाठी उमेदवार निवडताना मुलींचीही नावे पाठवा.

त्या बायबलबाई आता प्रभूकडे गेल्या आहेत. माझे ऋण फेडण्याची वेळ निघून गेली. तुमची अजून गेलेली नाही.