सह्यांसाठी अडलेली घरं

गावाकडचं घर विकलं जात नाही म्हटलं, की सल्ला तयार असतो: भाव उतरवा, गिऱ्हाईक येईल. हा सल्ला शहरातल्या फ्लॅटच्या बाजारातून आला आहे. तिथे मालक एक, करारनामा एक. पाटण तालुक्यातल्या गावठाणात तो लावणं मला उथळपणाचं वाटतं.

या तालुक्याचं मुंबईशी नातं जुनं. गिरण्या, गोदी, माथाडी. ढेबेवाडी खोऱ्यातले माथाडी नेते अण्णासाहेब पाटील आणि 1969 चा माथाडी कायदा सर्वांना ठाऊक आहे. माणसं तिकडे स्थिरावली, इकडे दाराला कुलूप लागलं. ही घरं विकली न जाण्याचं कारण म्हणून कुणी 1967 च्या कोयना भूकंपाची भीती पुढे करतं. पण कराड-चिपळूण रस्त्याकडेला नवी बांधकामं होतातच. कुणी वास्तुदोष सांगतं; त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

भावाचा मुद्दा मात्र नीट तपासायला हवा. गिऱ्हाईक येतं. आढ्याला वाळवी आहे का पाहतं, भिंतीची ओल हाताने चाचपतं. भावही बहुधा जुळतो. मग प्रश्न येतो, ‘उतारा कुणाच्या नावावर?’ ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे केला जातो. त्यावर नाव वारलेल्या आजोबांचं. मुळात ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद; मालकी तिने सिद्ध होत नाही. वारस घाटकोपरला, कोपरखैरण्याला, एक बहीण कराडला, दुसरी वारलेली आणि तिची मुलं पुण्यात. विसार द्यायचा कुणाच्या हातात?

एकट्याने आपला हिस्सा विकला तरी घेणाऱ्याचं भागत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरच्यांसोबत ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केला, तर 1893 च्या विभाजन कायद्याने घरचे त्याचा हिस्सा विकत मागू शकतात. असा व्यवहार स्वस्तातही कोण करील?

आता भाव उतरवून पाहू. बारा लाखांच्या घरात आठ समान हिस्से धरले, तर प्रत्येकाला दीड लाख. घर सहा लाखांवर आणलं की पाऊण लाख. त्यासाठी रजा काढायची, दुय्यम निबंधकाकडे जायचं, जुनी भांडणं मिटवायची. रक्कम घटली की सहीला येण्याची ओढही घटते. भाव उतरवल्याने असं घर आणखी अडतं.

म्हणून भावासाठी पडून राहिलेलं घर आणि सह्यांसाठी अडलेलं घर, हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्याला गिऱ्हाईक हवं. दुसऱ्याला विकणाराच अजून तयार झालेला नाही. ‘बहिणींच्या सह्यांमुळे अडलं’ ही तक्रार मात्र मला मान्य नाही. भावांनी आपापले हिस्से वेगळे करायचं ठरवेपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येऊ न देणारं हिंदू वारसा कायद्यातलं कलम 23 हे 2005 मध्ये रद्द झालं, ते योग्यच झालं. तिची सही हा तिचा हक्क आहे.

2025 मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयत खातेदारांच्या वारसनोंदी हाती घेतल्या. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. 2020 च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जाऊन मिळकत पत्रिका निघू लागल्या. पण हद्द ठरली म्हणून हिस्से ठरत नाहीत. यात्रेला मुंबईकर गावी येतात, त्याच आठवड्यात भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायतीने एकत्र बसून घरांच्या वारसनोंदी घ्याव्यात, आणि हक्कसोडपत्र किंवा वाटणीपत्र करायचं असेल त्यांच्यासाठी दुय्यम निबंधकाने त्या दिवसांत वेळ राखून ठेवावा. भावाची बोलणी त्यानंतर करावीत.