आधी बसून तर बघा!

गेल्या मार्गशीर्षात मुलगा मला इंदूरच्या एका दुकानात घेऊन गेला. देवासला आमचं नवं घर बांधून होत आलंय. माझे गुडघे तर तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहेत. मंदिराच्या पायऱ्या चढताना मी कठडा धरते तो काही भक्तीनं नव्हे. मुलाच्या मनात आलं, गच्चीवर आईसाठी जकूझी बसवावी. चार माणसं बसतील एवढा टब, त्यात गरम पाणी आणि बाजूंनी पाण्याचे झोत. दुकानदार म्हणाला, "माताजी, पहले बैठकर तो देखिए."

माझी बहीण न्यू जर्सीत असते. ती सांगते, तिकडे हे सर्रास चालतं. लोक पोहायचे कपडे घेऊनच दुकानात जातात. कारणही रास्त आहे. कोरड्या टबाकडे बघून काय कळणार? झोत कंबरेला लागतो की खांद्याला, आत उतरताना पाय किती उचलावा लागतो, पंप किती घोंघावतो, हे बसल्याशिवाय समजत नाही. आतली खोली बंद होती, सूनबाई सोबत होती. तिनं जुना सलवार-कमीज आणलाच होता. बसले.

खोटं कशाला बोलू? दहा मिनिटं मला गुडघे आहेत हेच मी विसरले. बाहेर आले तेव्हा "किती रुपये?" हे माझ्याच तोंडून निघालं. मुलगा हसला. मला मात्र लाज वाटली. परिग्रहाचं परिमाण बांधून घेतलेली बाई मी, आणि दहा मिनिटांत विरघळले!

परतताना गाडीत सूनबाई म्हणाली, "आई, उकळलेलं पाणी प्रासुक असतं ना? मग यात दोष कसला?" पोरगी हुशार आहे. पण प्रासुक पाणी आपण गाळून, उकळून, लागेल तेवढंच करतो, आणि त्याला वेळेची मर्यादा असते. या टबात हजार-बाराशे लिटर पाणी तीन-चार महिने तेच राहतं. त्यात काही जगू नये म्हणून औषध घालायचं, आणि कुणी बसो न बसो, ते गरम ठेवायचं. आपल्या शास्त्रात अनर्थदंड म्हणतात तो हाच. रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येच्या यादीत पाणी, अग्नी, वारा यांचा निष्कारण आरंभ सांगितलाय. जकूझीत तिन्ही एकत्र येतात. झोतात हवासुद्धा मिसळतात!

पण "निष्कारण" हा शब्द अवघड आहे. ज्या जकूझी कुटुंबाच्या नावानं हा टब ओळखला जातो, त्यातल्या कँडिडो जकूझींनी 1950 च्या आसपास न्हाणीच्या टबात सोडायचा पंप तयार केला तो आपल्या लहान मुलासाठी. त्याला संधिवात होता. पोराचे सांधे दुखत असताना बापानं पाणी घुसळलं, त्याला मी अनर्थ कसं म्हणू? मग माझ्या गुडघ्यांचं काय? कारण आहे की निमित्त?

हे दुकानात बसून कळत नव्हतं, कारण तिथे टबाची परीक्षा होते, आपली होत नाही. साडी अंगावर टाकून बघितली तर ती शोभते की नाही एवढं दिसतं. कपाटात आधीच साठ आहेत हे दुकानातला आरसा दाखवत नाही.

माझं माहेर धारचं. पौषात तिथे गेले तेव्हा भावाबरोबर मांडूलाही जाऊन आले. राजवाड्यातला हमामखाना मुद्दाम पाहिला. छताला चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत, गरम-गार पाण्याची सोय आहे. डोंगरावर नदी नाही, म्हणून सगळं पावसाचं पाणी तलावांत साठवलेलं. अवघ्या प्रजेनं जपलेलं पाणी, आणि हमाम राजाचा. परतीच्या वाटेवर नालछा लागतं. तेराव्या शतकात पंडित आशाधरजी धार सोडून तिथे जाऊन राहिले आणि तिथेच त्यांनी सागारधर्मामृत लिहिलं. सागार म्हणजे घरादारात राहणारे, तुमच्या-माझ्यासारखे. त्यांनी आपल्याला सुख सोडायला सांगितलं नाही, माप ठरवायला सांगितलं.

मापावरून सासूबाई आठवल्या. 1990 च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांतही सासूबाई पाणी दुहेरी गाळण्यातून गाळत, आणि आंघोळ एका तांब्या-बादलीत उरकत. पुढे त्यांचेही गुडघे गेले. त्यांना गच्चीवर टब घेऊ का, असं कुणी विचारलं नाही. हे आठवलं की मला संयमाचाही फार अभिमान वाटत नाही. त्यांचा संयम किती आणि आमची बेफिकिरी किती, कोण जाणे.

म्हणून मी मुलाला म्हटलं, "दुकानातली ट्रायल झाली, आता घरची होऊ दे." महिनाभर रोज रात्री एक बादली गरम पाणी, त्यात टॉवेल पिळून गुडघ्यांना शेक, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, जो मी दोन वर्षं टाळत होते. दुखणं गेलं नाही, पण निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं बादलीत मावत नाही, हेही कबूल करते.

टब घेतला नाही. मुलगा दोन दिवस गप्प होता, कारण त्याला आईसाठी काहीतरी करायचं होतं. तिसऱ्या दिवशी मीच त्याला सांगितलं, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी लाव आणि बसायला ओटा कर. त्यानं स्वतः उभं राहून ते करून घेतलं. ओट्याची उंची ठरवताना गवंड्यानं विटा रचून दिल्या आणि म्हणाला, "माताजी, बैठकर देखिए."

बसून बघितलं. दोन बोटं उंच होता. कमी करायला लावला.

मैत्रिणींनो, ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. आठवली की बादलीत पाय सोडून बसते. पाणी गार होतं, मग उठते.