हे मी केले

‘हे मी केले’ हे वाक्य माणूस फार लहानपणी शिकतो आणि मरेपर्यंत म्हणत राहतो. मातीचा ढीग थापून पोर ते म्हणते. पहिली पोळी टम्म फुगली की मुलगी म्हणते. घर बांधून झाले की वडील म्हणतात. घराची एक वीटही त्यांनी रचलेली नसते. तरी गवंडी शेजारी उभा असताना ते हे म्हणतात आणि गवंड्यालाही त्यात वावगे वाटत नाही. या तीन शब्दांत सत्य किती आणि हौस किती, हा प्रश्न माझ्यासारख्या मास्तराला नवा नाही. निबंधाची वही तपासताना त्यात मुलाचे किती आणि त्याच्या थोरल्या बहिणीचे किती, याचा निवाडा मला नेहमीच करावा लागतो.

यंदा पावसाळ्यात हा जुना प्रश्न अगदी अनपेक्षित वेष घेऊन माझ्याकडे आला. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहे. दिवसभर संगणकापुढे बसतो. त्याने लिहिले, “सर, इकडे घरच्या घरी ठासणीची लांब बंदूक तयार करण्याची हौस पुष्कळांना आहे. तिच्या सुट्या भागांचे किट विकत मिळते. मलाही एक करावीशी वाटते. पहिले किट कोणते घ्यावे याचा घोळ चालला आहे. पण त्याआधी तुम्ही मला एक सांगा. सगळे भाग दुसऱ्याने केलेले असताना ‘ही बंदूक मी केली’ असे मला म्हणता येईल का?”

बंदुकीतले मला ओ की ठो कळत नव्हते. पण मुलाने विचारलेला प्रश्न खरा बंदुकीचा नव्हताच. तरीही तो सोडवायचा तर बंदूक समजून घेणे भाग होते. म्हणून त्याने पाठवलेली माहिती आणि चित्रे घेऊन मी बसलो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण हा अंक घरातली मुलेही वाचतील. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बनवता येत नाही आणि बाळगताही येत नाही. मग ती ठासणीची का असेना. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने जुन्या धर्तीच्या अशा बंदुका बहुतेक निर्बंधांतून वगळल्या. तरी तिथेही राज्याराज्याचे नियम निराळे आहेत. तेव्हा ही हकीगत तिथली आहे. इथे तिच्यातून फक्त विचार घ्यायचा आहे.

या बंदुकीचा जन्मच पेनसिल्व्हेनियातला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन बोलणारे कारागीर त्या मुलखात, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, येऊन स्थायिक झाले. मायदेशी ते आखूड नळीची, जाड गोळीची शिकारी बंदूक करीत. नव्या मुलखात शिशाची आणि दारूची काटकसर हवी होती आणि जंगलात दूरवर नेम धरायचा होता. हळूहळू नळी लांबत गेली, चाळीस इंचांच्याही पुढे गेली, आणि गोळी बारीक झाली. नळीच्या आत मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. दस्ता मेपलच्या लाकडाचा. त्या लाकडात पाण्यावरच्या लहरींसारखे पट्टे दिसतात. पुढे या बंदुकीला नाव मात्र केंटकीचे मिळाले. १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवर एक गाणे निघाले आणि त्या गाण्याने हे नाव घरोघर नेले. करणारा एका गावचा आणि नाव दुसऱ्या गावाचे, हा प्रकार जगात सगळीकडेच आढळतो.

ती चालते कशी हेही सांगायला हवे. तोंडाकडून मोजून दारू ओतायची. मग तेलकट कापडाच्या चकतीत गोळी धरून ती गजाने खालपर्यंत ठासायची. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. आपल्याकडचे जुने गोलंदाज त्याला कान म्हणत. कानाजवळच्या लहानशा वाटीत चिमूटभर रंजक घालायची. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकेत पडते, रंजकेचा जाळ कानातून आत शिरतो आणि बार उडतो. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. दिवाळीच्या जुन्या दारूकामातले तेच त्रिकूट. अठराव्या शतकात इंग्रजांच्या दारूत जाणारा सोरा फार मोठ्या प्रमाणात आपल्या बिहारमधून जात असे. तेव्हा ही बंदूक आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आता किटांविषयी. त्यांच्यात ढोबळमानाने चार पायऱ्या दिसतात. पहिल्या पायरीवर कारखान्यात जवळजवळ पूर्ण झालेले, स्वस्तातले किट. दस्त्यातल्या खाचा कोरलेल्या, भाग बसणारे. आपण घासायचे, रंगवायचे आणि पेच आवळायचे. काही स्वस्त किटांत तर लांब दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि सांधा पितळी पट्टीने झाकलेला असतो. दुसरी पायरी अलीकडची. ओहायो राज्यातल्या किबलर नावाच्या कारखान्यासारख्या ठिकाणी संगणकावर चालणारे यंत्र दस्ता इतका काटेकोर कापते की नळी आणि कळ आपापल्या जागी अलगद बसतात. यंत्राच्या खुणा खरवडून काढणे, ओतीव पितळेला कानशीने आकार देणे, लाकडाला रंग आणि तेल देणे, नळीवर मुद्दाम गंज चढवून तिला तपकिरी करणे, एवढे काम आपल्याला उरते. तिसऱ्या पायरीवर दस्त्याचा बाह्य आकार आणि नळीची खोबण तयार मिळते, बाकी सारे पटाशीने कोरायचे. धातूला दिव्याची काजळी लावायची, तो भाग लाकडात दाबायचा, काळा ठसा उठेल तेवढेच लाकूड तासायचे. आणि हे शेकडो वेळा करायचे. चौथ्या पायरीवर मेपलची एक फळी आणि मनुष्याचे धैर्य.

माझ्या विद्यार्थ्याचा ओढा कुठे होता? अर्थात तिसऱ्या पायरीकडे, आणि मनातून चौथीकडे. त्याचा हिशेब सरळ होता. काम जितके जास्त, तितकी बंदूक अधिक माझी. पहिल्या किटात माझा वाटा दोन आणे, तिसऱ्यात दहा आणे. मलाही प्रथम हा हिशेब पटण्याजोगा वाटला. पण जसजसा विचार करू लागलो तसतसे या हिशेबाचे पाय लटपटू लागले.

वाटा मोजायला बसलो तर सुरुवात कुठून करायची? फळीपासून केली तरी झाड आपण लावलेले नसते. बरे, जुन्या लँकेस्टरच्या कारागिरांना तरी आदर्श मानावे, तर त्यांच्यापैकी अनेकजण बंदुकीची कळ विलायतेहून आलेली तयारच विकत घेत. ज्या बंदुका आज संग्रहालयात काचेआड ठेवल्या आहेत, त्यांतल्या कित्येकांचे काळीज असे बाजारातले आहे. तरीही दस्त्यावर कारागिराचे नाव सांगितले जाते आणि ते खोटे नसते. उलट संपूर्ण बंदूक एकट्याने करणे किती दुर्मीळ, हेही मला कळले. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग येथे जुने शहर डागडुजी करून आणि बरेचसे पुन्हा उभारून जतन केले आहे. तिथले वॉलेस गुस्लर यांनी अठराव्या शतकातल्या रीतीने एक बंदूक आरंभापासून शेवटपर्यंत हाताने केली. लोखंडाची पट्टी तापवून, गजाभोवती ठोकून नळी घडवण्यापासून कळीच्या बारीक भागांपर्यंत सारे. १९६९ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. अशा एका माणसालाच ‘मी केले’ म्हणण्याचा हक्क द्यायचा ठरवले, तर बाकीच्या जगाने ते वाक्य विसरून जावे हे बरे!

तेव्हा वाटा मोजून हा प्रश्न सुटत नाही. मग कशाने सुटतो?

उत्तर मला आमच्या वाड्याच्या अंगणात सापडले. दिवाळीत मुले किल्ला करतात. दगड, विटा, पोती, वर चिखल. बुरूज, तळे, गुहा. वर अळीव पेरून हिरवळ. सिंहासनावरचे महाराज आणि मावळे मात्र बाजारातून आणतात. मावळे कुंभाराचे आहेत म्हणून किल्ला मुलांचा नाही असे आजवर कुणी म्हटलेले मी ऐकले नाही. आता बाजारात तयार किल्लाही मिळतो. तोही सुबक असतो, पण तो आणून ठेवणाऱ्या मुलाला मी विचारले, “दरवाजा इकडे का केलास?” तर तो गप्प. चिखलाच्या किल्ल्यावाल्याला विचारले, तर तो थांबेचना. दरवाजा इकडे का, वाट वाकडी का, परवा बुरूज का ढासळला आणि मग आत दगड कसा घातला, सगळे त्याच्यापाशी होते.

मला वाटते, ‘हे मी केले’ या वाक्याचा अर्थ इथे आहे. त्याबद्दल विचारले तर मी जबाब देईन, असे ते वाक्य सांगते. श्रमाचा वाटा मागून येतो. घर बांधणारे वडील वीट रचत नाहीत; पण खोल्या कशा, पैसा कुठला, पाणी गळले तर कोण पाहील, याचा जबाब त्यांनी पत्करलेला असतो. म्हणून गवंडी हसत नाही. आणि बहिणीने लिहिलेला निबंध मुलाचा होत नाही, कारण त्यातल्या एका वाक्याचा जबाब त्याला देता येत नाही. मी कादंबऱ्या लिहितो. त्यांतला एकही शब्द मी घडवलेला नाही. सारे तयार मिळालेले आहेत. पण कोणता शब्द कुठे का बसवला याचा जबाब मात्र माझाच.

ही कसोटी लावली की किटाची निवडही सोपी होते. बंदूक ही काही किल्ल्याच्या बुरुजासारखी नव्हे. तिची नळी नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर पेट घेते. मागचे तोंड बंद करणारा पेच नीट बसला नाही, तर चूक भिंतीवर दिसत नाही, अंगावर येते. कळ ठिसूळ असली, घोडा भलत्या वेळी सुटला, तर त्याचा जबाब नवशिक्याने काय द्यायचा? म्हणून पहिल्या खेपेला नळी आणि कळ जाणत्याच्या हातची, चांगल्यातली चांगली घ्यावी; पैसा वाचवायचा तर पितळेच्या नक्षीत वाचवावा. सामान्य दस्ता मेहनतीने देखणा होतो, पण वाईट कळ घासून चांगली होत नाही. ज्या कामातली चूक जीव घेते ते जाणत्याकडे सोपवावे, आणि ज्या कामातली चूक फक्त डोळ्यांना खुपते ते आपल्याकडे ठेवावे. लाकूड, पितळ, रंग, तेल. दुसऱ्या पायरीचे किट नेमके हे करते. साध्या घाटाचे, नक्षी नसलेले, खांद्याला आणि हाताला बसेल असे एक घ्यावे. त्यात करायला काम कमी वाटते. पण कानशीचा प्रत्येक फटका लाकडावर कायमचा राहतो आणि त्याचा जबाब दुसरा कुणी देत नाही. आपल्याकडे याला अधिकार म्हणतात. तो कमी असणे लाजिरवाणे नव्हे. तो नसताना पटाशी हाती घेणे मात्र धोक्याचे.

इथपर्यंत पत्र लिहून मी थांबलो असतो, तर विद्यार्थी खूश झाला असता. पण जबाब देणे ही गोष्ट अर्धी पत्करता येत नाही. ज्या लँकेस्टरच्या नावाने हे कारागीर ओळखले जातात, त्याच लँकेस्टरात १७६३ च्या डिसेंबरात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या एका टोळीने कोनेस्टोगा जमातीची वीस माणसे मारली. सहा त्यांच्या वस्तीत, आणि उरलेली चौदा गावातल्या सरकारी इमारतीत, जिथे त्यांना संरक्षणासाठी ठेवले होते. त्यांत मुलेही होती. ही बंदूक हरणाच्या शिकारीने घर पोसणारी होती, कलेचा नमुना होती, आणि मूळच्या रहिवाशांची जमीन हिरावून घेणाऱ्या सरहद्दीचेही ती हत्यार होती. त्या रहिवाशांनीही ती वापरली, हेही खरे. किटाच्या पेटीत हे सगळे भाग येत नाहीत. ते आपण आपल्या पदरचे घालायचे असतात.

मी त्याला लिहिले, “तू फक्त कागदावरच्या निशाणावर नेम धरशील हे मला ठाऊक आहे. पण भिंतीवर ती टांगलीस आणि उद्या तुझ्या मुलीने विचारले, ‘बाबा, हिने काय केले?’ तर केवळ मेपलच्या लहरींचे कौतुक सांगू नकोस. दोन्ही सांग. लाकूड तू घासलेस म्हणून पहिले सांगायचा हक्क आहे. आणि ‘मी केली’ म्हणतोस म्हणून दुसरे सांगणे भाग आहे.”

त्याने विचारले होते की असे म्हणता येईल का. येईल, असे मी कळवले. पण ते म्हणणे म्हणजे बक्षीस घेणे नव्हे, सही करणे आहे. सही करण्याआधी माणूस कागद वाचतो, समजत नसेल ते विचारतो आणि जेवढे पत्करता येईल तेवढ्यावरच करतो. किटही तसेच निवडावे. या दिवाळीत आपल्या अंगणात उभ्या राहिलेल्या किल्ल्याशी पाच मिनिटे थांबून त्याच्या धन्याला एखादा अवघड प्रश्न जरूर विचारावा. त्याला उत्तर देता आले, तर मावळे कुठून आणले हे विचारायचे काही कारण नाही.