राजाश्रय आणि ऋण

चिपची जुळणी व चाचणी करणाऱ्या साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पास २०२३ साली संमती मिळाली, तेव्हा खर्चाचा निम्मा भार केंद्राने व वीस टक्के गुजरात सरकारने उचलावा असे ठरले. मालकी मात्र कंपनीचीच.

आम्हा बडोदेकरांस राजाश्रयाचे वावडे असण्याचे कारण नाही. सयाजीरावांच्या आश्रयानेच १८९० साली कलाभवन निघाले. तेथे शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढले ते अन्यत्र. आम्हांस त्याचा विषाद नाही. विद्या ज्याच्या हाती दिली, त्याचीच ती होते. यंत्रासाठी दिलेल्या पैशाचे तसे नाही. त्यावर राबणाऱ्याच्या हाती कोणती विद्या उरणार, हे विचारण्याचा अधिकार करदात्यास आहे काय? आमच्या मते आहे. आणि थैलीचे तोंड सुटण्यापूर्वी तर अधिकच.