सोडण्यासारखं काही नाही

आपल्याकडे माणसाच्या चारित्र्याचे दोन दाखले सरकारी शिक्का नसतानाही सर्वत्र चालतात. पहिला : 'त्याला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही हो!' आणि दुसरा : 'ज्याचं मन साफ, त्याला अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते.' यातला पहिला दाखला माझ्यापाशी आहे. चहा, कॉफी, पान, तंबाखू, सिगरेट, तपकीर यांतलं मी काहीही घेत नाही. सकाळी पेपर आला नाही तरी माझं पोट बिघडत नाही. दुपारी जेवल्यावर मला पेंग येत नाही. दुसरा दाखला मात्र माझ्या नावावर आजवर निघालेला नाही. पाठ अंथरुणाला टेकते, चांगली चार-पाच तास टेकलेली राहते, आणि पहाटे तीन वाजता मी पंख्याची पाती मोजत असतो. ती तीनच आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मोजतो. बँकेतली नोकरी, दुसरं काय!

यामुळे लोकांची पंचाईत होते. निर्व्यसनी माणसाला झोप येत नाही म्हणजे हिशेबात कुठेतरी घोळ आहे, असं त्यांना वाटतं. आमचे एक शेजारी तर मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात म्हणाले, "बँकेत सगळं ठीक आहे ना?" कॅशवर बसणाऱ्या माणसाची झोप उडाली, की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच लावतात.

आधी त्या निर्व्यसनीपणाचा निकाल लावू. खरं सांगायचं तर मी काहीही सोडलेलं नाही, मी ते कधी धरलंच नव्हतं. लहानपणी चहा चाखला, आवडला नाही, विषय संपला. पण माझं लग्न जमवताना आईनं 'मुलगा निर्व्यसनी' हे अशा थाटात सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, यानं बारा वर्षं गुहेत बसून चहावर विजय मिळवला आहे.

या विजयाचा खर्च दुसऱ्यांना पडतो. कुणाकडे जावं, तर यजमानीणबाई विचारतात, "चहा टाकते हं."

"नको."

"अहो, अर्धा कप!"

"मी घेतच नाही."

"मग कॉफी?"

"तीही नाही."

इथे बाईंचा चेहरा बदलतो. "दूध?" मी संकोचानं गप्प राहतो. गप्प राहणं ही संमती धरून आत पातेलं वाजतं. विरजणासाठी राखून ठेवलेलं दूध माझ्यापायी तापतं, त्यात साखर पडते, वेलदोडा पडतो, घर उत्साही असलं तर केशराच्या दोन काड्या. नाहीतर मग मुलाला पिटाळतात, सरबतासाठी लिंबं आणायला. बाकीचे चौघे एका पातेल्यात आटोपलेले असतात. निर्व्यसनी माणूस हा दुसऱ्याच्या घरी सगळ्यात महागडा पाहुणा असतो, आणि कौतुकही त्याचंच होतं : "बघ, काका चहासुद्धा घेत नाहीत!" लिंबांसाठी चार जिने उतरून चढलेला तो मुलगा माझ्याकडे बघतो, त्या नजरेत आदर मला तरी कधी दिसला नाही.

ऑफिसात तीच तऱ्हा. अकराला आणि साडेतीनला चहा येतो. मी चहा पीत नाही, पण महिन्याची वर्गणी न चुकता भरतो. कारण चहा न पिण्यानं काहीच बुडत नाही, चहाच्या वेळी हजर नसण्यानं सगळं बुडतं. कुणाची बदली होणार, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या घरात दुखणं आहे, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं. टेबलाशी बसून राहिलो तर बदलीची बातमी मला सर्क्युलरमधून कळते. म्हणून मी रिकामे हात घेऊन त्या घोळक्यात उभा राहतो. रिकाम्या हातांचं काय करावं, हा प्रश्न चहा पिणाऱ्याला जन्मात पडायचा नाही. कपाचा निम्मा उपयोग हाताला काम देण्यासाठीच असतो.

आता झोपेकडे वळू. डॉक्टरांनी आधी मला शास्त्र समजावलं. दिवसभरात मेंदूमध्ये अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याच्या भारानं झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्या द्रव्याची खुर्ची अडवून बसतं. बरं, ते लवकर उठतही नाही. निम्मं जायलाच साधारण पाच तास लागतात. "म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालासुद्धा निम्मा शिल्लक," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा चहा बंद करा."

"पीत नाही."

"सिगरेट?"

"नाही."

"रात्री थोडी... तशी?"

"अजिबात नाही."

"अंथरुणात मोबाइल बघता?"

"दहाला बंद करून कपाटात ठेवतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मी तुमचं बंद करू तरी काय?" त्यांची अडचण मला लगेच समजली. सोडण्यासारखं काही नसलेला पेशंट म्हणजे तारण नसलेला कर्जदार. त्याच्याकडून वसूल काय करणार? शेवटी, रोज ठरल्या वेळी उठायचं, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसायचं, असं सांगून त्यांनी फी घेतली.

घरगुती उपाय सगळे झाले. जायफळ घातलेलं दूध झालं. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासून झाली. कुणीतरी मेंढ्या मोजायला सांगितल्या. हा सल्ला बँकवाल्याला देऊ नये. मी चारशे बारा मेंढ्या मोजल्या आणि मग राहवेना, म्हणून ताळा घ्यायला उलट मोजल्या. नऊ मेंढ्यांचा फरक! फरकाला नवानं भाग जात असेल तर आकडे उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय घ्यावा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. त्या रात्री सकाळपर्यंत मी कुठल्या मेंढीच्या जागी कुठली मेंढी पडली ते शोधत होतो.

मग डॉक्टरांचं ऐकून उठून बसू लागलो आणि वाचू लागलो. रहस्यकथेनं उरलीसुरली झोप जाते, म्हणून बी.कॉम. असूनही वाचनालयातून तत्त्वज्ञान आणलं. त्यानं झोप येईल अशी माझी आणि ग्रंथपालांची दोघांचीही खात्री होती. आली नाही. उलट माझ्या दोन्ही दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली.

कांट नावाच्या जर्मन गृहस्थानं 1785 साली नीतीवर एक पुस्तक काढलं. त्यात एक दुकानदार आहे. तो अडाणी गिऱ्हाइकालाही फसवत नाही, पण ते धंद्याच्या सोयीसाठी. कांट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण नैतिक खात्यात जमा काही नाही. मनाच्या ओढीनं केलेल्या चांगल्या कामालाही तो कौतुकापलीकडे काही द्यायला तयार नाही. मला तर चहा आवडतच नाही. म्हणजे माझी शिल्लक शून्य. आणि हे सांगणारा स्वतः कसा? पहाटे पाचच्या सुमारास त्याचा नोकर त्याला हाक मारून उठवायचा, मग हे साहेब फिक्का चहा घ्यायचे आणि वर पाइप ओढायचे. सवयीही याच्याच, झोपही याचीच, नी शून्य आम्हाला!

अ‍ॅरिस्टॉटल जरा मायाळू वाटला. वासना आवरून धरणाऱ्यापेक्षा, जिला भलती वासनाच होत नाही अशी व्यक्ती त्याच्या मते वरच्या पायरीवर. मी उशी उभी करून ताठ बसलो. पण त्याच पुस्तकात तो असंही म्हणतो, की ज्यांना कुठल्याच सुखाची गोडी नाही असे लोक फारसे आढळत नाहीत, म्हणून त्यांना नावही पडलेलं नाही. तसं असणं माणसाला साजेसं नाही. नाव कसं नाही? आमच्या ब्रँचमध्ये आहे : 'बिनचहावाले'.

झोपेबद्दल मात्र त्यानं माझी बाजू घेतली. चांगला माणूस आणि वाईट माणूस झोपेत ओळखू येत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. यावर माझा लगेच विश्वास बसला. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. व्याजानं पैसे देतात. व्याजाचा दर ऐकून बँकवाल्यालाही घाम फुटावा. तंबाखूची चंची उशाशी, रात्रीचा शेवटचा चहा साडेदहाला, आणि अकराच्या ठोक्याला त्यांचं घोरणं स्लॅबमधून खाली येतं.

इतवर सगळं गमतीत चाललं होतं. मग आमचे अण्णा आजारी पडले. त्यांना इस्पितळात ठेवलं तेव्हा रात्रीला कोण थांबणार याची चर्चासुद्धा झाली नाही. सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला नाहीतरी झोप येत नाही." मी एकोणीस रात्री तिथल्या स्टुलावर बसलो. मधल्या दोन रात्री नाशिकहून ताई आली. तिला बिचारीला नऊ वाजता डोळे मिटायची सवय. कँटीनचा चहा ढोसून, डोळ्यांना पाणी लावून, उभी राहून, येरझाऱ्या घालून तिनं त्या दोन रात्री काढल्या. सकाळी तिचा चेहरा अण्णांपेक्षा आजारी दिसत होता.

अण्णा त्या दुखण्यातून उठले नाहीत. तेराव्याला आलेला प्रत्येक जण मला म्हणाला, "मुलगा असावा तर असा. एकोणीस रात्री डोळ्याला डोळा लावला नाही." ताईच्या दोन रात्रींचा कुणी उल्लेखही केला नाही. मी तो केला, तर लोकांनी तो माझा विनय धरला. कांटला विचारलं असतं तर त्यानं माझ्या एकोणीस खोडून तिच्या दोन जमेला धरल्या असत्या. मला ते पटतं. पण एक गोष्ट कांटच्या वहीत बसत नाही. रात्री दोन-अडीचला अण्णा डोळे न उघडता विचारायचे, "जागा आहेस ना?" मी म्हणायचो, "आहे." "मग मी झोपतो," असं म्हणून ते खरंच झोपायचे. मी कर्तव्यानं जागा आहे की खोडीनं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

महाभारतात असे दोन जागे आहेत. एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले. अर्जुन एकदा रात्री जेवत असता वाऱ्यानं दिवा विझला, तरी घास बरोबर तोंडात गेला. सवयीनं हाताला अंधारात वाट सापडते हे त्याला उमगलं, आणि तो रात्री उठून धनुष्य चालवू लागला. झोप जिंकली म्हणून गुडाकेश म्हणवला गेला. दुसरा अश्वत्थामा. युद्ध संपलं, कृप आणि कृतवर्मा वडाखाली झोपी गेले, यालाच रागानं झोप येईना. घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना यानं पाहिलं, आणि उठून झोपलेल्या छावणीत शिरून कापाकापी केली. जागरण दोघांचं सारखंच. तेव्हा झोप येत नाही ही नावेची बाजू नाही, आणि चहा पीत नाही ही जमेची नाही. जे नाहीच, त्याची एन्ट्री कशी पडणार? त्या रिकाम्या जागेत माणूस काय करतो, ती एन्ट्री खरी.

माझ्या हातात ना धनुष्य, ना तलवार. म्हणून मी एवढंच करतो : आमच्या बिल्डिंगीत कुणाला पहाटेची गाडी असली की ते मला सांगून झोपतात. मोबाइलमध्ये गजर असतो, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. साडेतीनला मी जाऊन बेल वाजवतो. दार उघडतं, डोळे चोळत बाई म्हणतात, "किती त्रास हो तुम्हाला! थांबा, चहा टाकते."

मी घाईघाईनं "नको, नको" म्हणून जिना उतरतो. त्यांना गाडी गाठायची असते. शिवाय त्या वेळी लिंबं कुठे मिळणार?